सावधानरावांचे चार राखणदार

मंगळवारी सकाळी पावणेअकराला सावधानरावांच्या बायकोची फाइल कॉम्प्युटरवरून नाहीशी झाली. गवत कापायच्या यंत्राची माहितीपुस्तिका होती ती, चौसष्ट पानांची. बायको घरी बसून भाषांतराची कामं करायची. यंत्रं, औषधं, कधी विम्याचे कागद. या पुस्तिकेवर तिचे अकरा दिवस गेले होते आणि गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत ती कंपनीला पाठवायची होती. ती कप विसळायला म्हणून स्वयंपाकघरात गेली, पदराला हात पुसत परत आली, तर पडद्यावर फाइलच्या जागी एक हिरवी पट्टी झळकत होती. ‘अभिनंदन! एक गंभीर धोका कायमचा नष्ट करण्यात आला आहे.’

“अहो,” तिनं हाक मारली.

आवाज अगदी शांत होता. बत्तीस वर्षांच्या संसारात सावधानराव एवढं नक्की शिकले होते, की हा आवाज आरडाओरड्यापेक्षा वाईट. ते बाल्कनीत दोरीच्या गाठी तपासत होते. घराला आग लागलीच तर खाली उतरता यावं म्हणून ती दोरी होती. घर पहिल्या मजल्यावर होतं आणि दोरी चौथ्या मजल्याला पुरेल एवढी.

सावधानराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते आणि हे नाव कामगारांनी ठेवलं होतं. निरोपसमारंभात व्यवस्थापकांनी भाषणाच्या भरात चुकून तेच नाव घेतलं, टाळ्या पडल्या, आणि शाल-नारळ मिळावं तसं ते नाव सावधानराव घरी घेऊन आले. घरी आल्यावर करायला काही नव्हतं. त्यांनी आठ दिवसांत शिडीवर, पाण्याच्या टाकीवर आणि फ्रिजच्या मागे सूचना चिकटवल्या. मग त्यांची नजर कॉम्प्युटरवर गेली.

कॉम्प्युटरला धोके असतात हे त्यांना ऐकून माहीत होतं. एक व्हायरस असतो, एक हेरगिरी करणारा असतो, एक फायली ओलीस धरणारा असतो. हे सगळं दिसत नाही म्हणजे भलतंच आलं. कारखान्यात निदान वायूला वास तरी असायचा. त्यांनी कंबर कसली आणि दीड वर्षात घरच्या त्या एका कॉम्प्युटरवर चार राखणदार नेमले.

चौघांनाही मोठी, भारदस्त इंग्रजी नावं होती, पण घरात ती कुणी उच्चारत नसे. पहिला ‘मेहुण्याचा’. तो बायकोच्या धाकट्या भावानं, आपल्याकडे हाच आहे म्हणून, घालून दिला होता. दुसरा ‘डॉक्टरांचा’. वरच्या मजल्यावर निवृत्त दातांचे डॉक्टर राहत, त्यांनी तो जिन्यात उभं राहून सुचवला होता. तिसरा ‘फुकटातला’. प्रिंटर घेतला तेव्हा तो न मागता आला आणि मुक्कामाला राहिला. आणि चौथा ‘शूरवीर’. त्याला कुणी आणलं नव्हतं. एका दुपारी पडद्यावर लाल चौकट उघडली, ‘तुमचा कॉम्प्युटर गंभीर धोक्यात आहे, आत्ताच वाचवा’ असं त्यात लिहिलं होतं, आणि सावधानरावांनी वाचवला.

तेव्हापासून कॉम्प्युटर सुरू व्हायला बावीस मिनिटं लागत. सावधानरावांना त्याचं काही वाटत नसे. “चार जण दार तपासणार, वेळ लागायचाच,” ते म्हणत. एक अक्षर टाइप केलं की ते पडद्यावर उमटेपर्यंत बायको पुढच्या वाक्याचं क्रियापद ठरवून मोकळी होई.

तर त्या मंगळवारी ते खोलीत आले, चष्मा लावला, हिरवी पट्टी वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला.

“वा! पकडला!”

“काय पकडलं?”

“धोका. गंभीर धोका.”

“ती माझी फाइल होती,” बायको म्हणाली.

झालं होतं ते असं. बायकोच्या फाइलमध्ये एक छोटीशी सोय केलेली होती. बटण दाबलं की कठीण शब्दांची यादी आपोआप तयार होई. डॉक्टरांच्या राखणदाराला ती सोय संशयास्पद वाटली. त्यानं फाइल उचलली आणि आपल्या कोठडीत टाकली. थोड्या वेळानं मेहुण्याचा राखणदार गस्तीवर निघाला. त्याला डॉक्टरांच्या कोठडीत दीड वर्षाचे गुन्हेगार कोंबलेले दिसले. हा तर रोगाचा अड्डा, असं समजून त्यानं कोठडीच जाळून टाकली. फुकटातल्यानं या सगळ्यात ‘आणखी चांगलं संरक्षण हवं आहे का?’ एवढंच विचारलं. आणि शूरवीरानं ज्या कामगिरीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता तिच्याबद्दल हिरवी पट्टी लावून अभिनंदन केलं.

हे समजायला सावधानरावांना पाऊण तास लागला. सगळी नोंद त्यांनी चार ठिकाणांहून उतरवून काढली होती. कागद हातात धरून ते बायकोसमोर उभे राहिले तेव्हा ती जेवणाच्या टेबलावर बसून पेनानं लिहीत होती. वाचून दुरुस्त्या सुचवायला म्हणून तिनं पहिली अडतीस पानं मैत्रिणीला ईमेलनं पाठवली होती, ती वाचली. उरलेली सव्वीस ती नव्यानं लिहायला बसली होती.

“त्यात कुणाचीच चूक नाही असं दिसतं,” सावधानराव म्हणाले. “प्रत्येकानं आपापल्या नियमाप्रमाणं...”

“मला त्यांचे नियम सांगू नका. चौघांतला एक ठेवा. फार तर दोन. बाकीचे काढा. उद्या संध्याकाळी मला टाइप करायला बसायचंय, आणि तोपर्यंत हे झालं नाही तर मी कॉम्प्युटर उचलून माझ्या मैत्रिणीकडे जाईन.”

“कॉम्प्युटर घेऊन?”

“हो. तुम्ही या चौघांबरोबर राहा.”

सावधानराव आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी नवी कोरी फाइल काढली. कागदी. तिच्यावर ‘चौकशी’ असं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. मग पट्टी घेऊन तक्ता आखला. उमेदवार, अनुभव, तत्परता, शिस्त, वर्तणूक, शेरा. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाला नोकरीवरून काढलं नव्हतं. समज देऊन सोडत. एकाला काढायचं तर कारण लागतं आणि कारणाला पुरावा.

पुरावा मिळवायची कारखान्यातली पद्धत त्यांना माहीत होती. धुराची नळकांडी पेटवायची आणि घड्याळ लावून बघायचं, कोण किती वेळात धावतं. कॉम्प्युटरसाठीही असं काही असेल का म्हणून त्यांनी शोधलं, तर होतं. राखणदार जागा आहे की नाही हे पाहण्यासाठीच बनवलेली एक निरुपद्रवी फाइल. तिच्यानं काही बिघडत नाही, पण प्रत्येक खऱ्या राखणदारानं तिला पाहताच ओरडायचं असा संकेत. सावधानरावांनी स्टॉपवॉच हातात घेतलं आणि ती फाइल आत सोडली.

मेहुण्याचा दोन सेकंदांत ओरडला. डॉक्टरांचाही ओरडला, पण त्यानं फाइलला नव्हे, मेहुण्याच्याला पकडलं होतं. मेहुण्याच्यानं उलट डॉक्टरांच्याची तक्रार केली. दोघांच्या चौकटी एकमेकांवर उघडत गेल्या आणि पडदा भिंतीवरच्या पोस्टरांसारखा दिसायला लागला. फुकटातल्यानं विचारलं, ‘आजच सुवर्ण सदस्य का होत नाही?’ शूरवीरानं त्या फाइलबद्दल चकार शब्द काढला नाही. मात्र त्यानं त्याच मिनिटाला दुसरीकडे चौदाशे बारा धोके सापडल्याचं जाहीर केलं आणि सावधानरावांचं नाव घेऊन त्यांचे आभार मानले.

तक्त्यात शूरवीरासमोर सावधानरावांनी लिहिलं : ‘व्यापक दृष्टी.’

बुधवारी दुपारी मेहुणा आला. बहिणीनं फोनवर सगळं सांगितलं होतं, आणि आपला माणूस काढला जाणार याची त्याला कुणकुण लागली होती. तो एका शाळेच्या कचेरीत कारकून होता, पण कॉम्प्युटरविषयी बोलताना आवाज खाली आणून, दार बंद आहे ना ते पाहून बोले.

“भावोजी, एक सांगतो. बाकी तीन काढा, माझा ठेवा. दहा वर्षं झाली, मला एकदाही व्हायरस आला नाही.”

“दहा वर्षं?” सावधानरावांनी लिहून घेतलं.

तेवढ्यात डॉक्टर जिना उतरून आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण जिन्यात आवाज पोचतो.

“हे पाहा, मला मध्ये पडायचं नाही,” ते खुर्चीत बसत म्हणाले. “पण माझ्या मशिनवर पंधरा वर्षं माझा आहे. किडीचा एक ठिपका नाही.”

“तुमच्यानं माझ्या बहिणीची फाइल उचलली,” मेहुणा म्हणाला.

“उचलली. निरीक्षणाखाली ठेवली. मारली कुणी? तुमच्यानं. आम्ही दात हलतोय म्हणून लगेच उपटत नाही.”

“कोठडीत दीड वर्ष घाण साठवायची याला काय निरीक्षण म्हणतात?”

“तुम्ही माझ्या कोठडीला घाण म्हणालात?”

“डॉक्टरसाहेब, मी प्रोग्रॅमला म्हणालो.”

“तो मी निवडलाय!”

आतून पेनाचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

सावधानराव न्यायाधीशासारखे दोघांच्या मध्ये बसले होते. त्यांनी हात वर केला. “दोघांनाही एक एक प्रश्न. डॉक्टर, तुम्ही इंटरनेटवर किती वेळ असता?”

“इंटरनेट?” डॉक्टर म्हणाले. “छे, ते मी घेतलंच नाही. मी पत्ते खेळतो.”

“आणि तू?”

मेहुणा घुटमळला. “माझा घरचा गेल्या वर्षी बंद पडला. म्हणजे व्हायरसनं नाही. पोरीनं त्यावर सरबत सांडलं. पण चालू होता तोवर एकही व्हायरस नाही, भावोजी!”

सावधानरावांनी दोन्ही उत्तरं तक्त्यात लिहिली. दोघांच्याही ‘अनुभव’च्या चौकोनात थोडी खाडाखोड झाली. यानंतर डॉक्टर आणि मेहुणा यांचं बोलणं बंद पडलं, ते अजून सुरू झालेलं नाही. जिन्यात समोरासमोर आले तर दोघंही मोबाइल काढून बघतात.

तक्ता आता पूर्ण झाला होता आणि त्यातून एकच नाव वर येत होतं. सावधानरावांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते वाचून दाखवलं.

“निर्णय झाला. शूरवीर ठेवतो. रोज हजारावर धोके पकडणारा तोच एक. आणि कसलं मागणं नाही. बाकीच्यांना त्याच्याबद्दल पहिल्यापासून असूया आहे.”

“असूया?” बायकोनं मान वर केली. “प्रोग्रॅमला?”

“तो आला त्या दिवशी तिघांनीही त्याच्याविरुद्ध तक्रार केली होती. हा धोकादायक आहे, याला काढा म्हणून. नवीन माणूस चांगलं काम करायला लागला की जुने असं करतातच, कारखान्यात मी काय कमी पाहिलंय! शूरवीरानं मला लगेच सांगितलं, काळजी करू नका, मला तिघांच्याही विश्वासू यादीत घाला. मी घातला. स्वतः.”

बायकोनं पेनाला टोपण लावलं. मग फोन उचलला आणि कोपऱ्यावरच्या दुकानात लावला. झेरॉक्सच्या दुकानाशेजारी एक अरुंद गाळा होता, तिथं एक बाई कॉम्प्युटर दुरुस्त करत. कुणी नाव विचारत नसे, सगळे त्यांना दुरुस्तीवाल्या बाईच म्हणत.

बाई तासाभरात आल्या. पन्नाशीच्या, खांद्यावर कापडी पिशवी, केसांत पेन्सिल खोचलेली. सावधानरावांनी त्यांना तक्ता दिला. त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला आणि विचारलं, “काका, हे तुम्ही केलंत?”

“हो. का?”

“एवढं नीट काम आमच्याकडे कुणी करत नाही. आता कॉम्प्युटर लावा.”

बावीस मिनिटं त्या गप्प बसून राहिल्या. सावधानरावांना पहिल्यांदाच ती बावीस मिनिटं लांब वाटली. परक्या माणसासमोर घर आवरलेलं नसावं तसं झालं. पडदा उजळला, चार चौकटी उघडल्या. शूरवीरानं ‘सुप्रभात’ म्हटलं. संध्याकाळचे पाच वाजले होते.

“हा कुठून आला?” बाईंनी विचारलं.

“आपणहून.”

“हं.” त्यांनी पिशवीतून एक पेनड्राइव्ह काढला. वेष्टन फोडलेलंही नव्हतं. “हा फोडा तुम्हीच. दुकानातून आणलाय तसाच आहे. आत काही नाही. आता शूरवीरला सांगा, हा तपास.”

सावधानरावांनी कात्रीनं वेष्टन कापलं, पेनड्राइव्ह लावला, शूरवीराला हुकूम सोडला. निळी पट्टी सरकायला लागली. एक टक्का, चाळीस टक्के, शंभर. लाल चौकट. रिकाम्या पेनड्राइव्हमध्ये तीनशे बारा गंभीर धोके सापडले होते. ‘आपण वेळेवर बोलावलंत, धन्यवाद!’ आणि पुढे सावधानरावांचं नाव.

सावधानरावांनी पेनड्राइव्ह काढला, त्यावर फुंकर मारली आणि परत लावला.

“पुन्हा एकदा बघू,” सावधानराव म्हणाले.

दुसऱ्या खेपेला तीनशे एकोणतीस सापडले.

“काका, हा राखणदार नाही,” बाई हळूच म्हणाल्या. “हाच तो. जे येऊ नये म्हणून तुम्ही बाकीचे ठेवलेत ना, ते हे. जाहिराती दाखवत असेल, तुम्ही काय टाइप करता ते कुठंतरी पाठवतही असेल. आज सगळे पासवर्ड बदलून टाका. पण इथून नाही, ताईंच्या फोनवरून.”

सावधानराव उठले. खिडकीपाशी गेले. बाहेर समोरच्या इमारतीतली एक बाई वाळत घातलेले कपडे काढत होती, तिकडे पाहत राहिले. बायकोला वाटलं, आता हे चिडतील, तक्ता फाडतील. तसं झालं नाही. ते पाठमोरेच म्हणाले, “रोज सकाळी नऊ वाजता अहवाल द्यायचा. नावानिशी. आज इतके सापडले, साहेब, आज तितके. वर्षभर. एक दिवस चुकला नाही.”

कारखान्यात रोज सकाळी नऊ वाजता त्यांच्या टेबलावर असाच अहवाल येई. निवृत्तीनंतर त्यांना कुणी काही कळवलं नव्हतं. नव्या सुरक्षा अधिकाऱ्यानं एकदा फोन केला होता, तो कपाटाच्या किल्लीसाठी. बायकोला हे ठाऊक होतं. तरी रोज नऊ वाजता हे घाईनं अंघोळ उरकून कॉम्प्युटरपुढे का बसतात हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तिनं बाईंसाठी चहा टाकला आणि सावधानरावांच्या कपात न विचारता जास्तीची साखर घातली, जी तिनं एरवी मोजून बंद केली होती.

चहा झाल्यावर बाईंनी माउस सावधानरावांच्या हातात दिला. “तुम्हीच काढा. मी काढले तर परत आणाल.”

फुकटातला आधी गेला. जाताना त्यानं विचारलं, ‘खरंच जायचं? निम्मं तरी राहू का?’ डॉक्टरांच्यानं कारण मागितलं. पाच कारणांची यादी दिली होती. सावधानरावांनी ती मोठ्यानं वाचली.

“‘वापरायला अवघड.’ तसं नाही. ‘दुसरा चांगला मिळाला.’ तेही खोटंच होईल. ‘कॉम्प्युटर हळू झाला.’ पण एकट्या त्याच्यामुळं कुठं? बाई, यात घरगुती कारण असा पर्याय नाही?”

“‘सांगू इच्छित नाही’ यावर टिचकी मारा.”

“बरं दिसतं का ते?”

“अहो, मारा,” आतून बायको म्हणाली.

त्यांनी मारली, आणि एखाद्याला दारातूनच परत पाठवल्यासारखं त्यांचं तोंड झालं. मेहुण्याच्यानं पडद्यावर एक रडका चेहरा दाखवला. सावधानरावांनी डोळे मिटून बटण दाबलं.

शूरवीर मात्र जाईना. ‘काढून टाका’ या बटणावर बाण नेला की बटणच सरकून दुसऱ्या कोपऱ्यात जाई. एकदा ते पकडलं तर त्याचं नाव बदलून ‘आणखी एक संधी द्या’ झालं. सावधानराव तीन मिनिटं त्याच्या मागं धावले. मग त्यांचा सुरक्षा अधिकारी जागा झाला. “हा तर दंगा करतोय!” ते म्हणाले, अगदी नऊ वाजताच्या आवाजात. “बाई, काय लागेल ते करा.”

बाईंनी पेनड्राइव्हवर फोनवरून एक छोटा प्रोग्रॅम उतरवून घेतला, तो कॉम्प्युटरमध्ये चालवला. अर्ध्या तासात शूरवीर आणि त्याचे आठ-दहा नातलग बाहेर पडले.

“आता राहिला कोण?” सावधानरावांनी विचारलं. पडद्यावर एकही चौकट नव्हती. त्यांना ते उघड्या दारासारखं वाटत होतं.

“राहिला तो कॉम्प्युटरबरोबरच आलेला. पहिल्या दिवसापासून आहे. तुम्ही बाहेरून माणूस आणलात की तो आपणहून बाजूला बसतो. आता उठेल.”

“पण तो काही बोलत नाही.”

“कामापुरतं बोलतो. तुमची ती धुराची फाइल टाकून बघा.”

सावधानरावांनी स्टॉपवॉच घेतलं. फाइल आत सोडली. कोपऱ्यात एक बारीकशी ओळ आली, ‘एक धोका अडवला’, आणि निघून गेली. ना अभिनंदन, ना आभार. ती नीट वाचावी म्हणून सावधानरावांनी चष्मा वर-खाली केला, तोवर ती ओळ गेली होती.

“एक हा कायम,” बाई म्हणाल्या, “आणि दुसरा ज्यानं आत्ता शूरवीरला काढलं तो. तो रोज नाही चालवायचा. महिन्यातून एकदा तुम्ही बोलवायचा, तपासून झालं की बंद करायचा. दोन कायमचे एकाच घरात ठेवलेत की ते एकमेकांच्याच उरावर बसणार. आणि ताईंच्या फायलींची एक प्रत दर संध्याकाळी या पेनड्राइव्हवर. काढून कपाटात. हे सगळ्यात महत्त्वाचं.”

“आणि गेलेली फाइल?” बायकोनं विचारलं.

बाईंनी आणखी तासभर खटपट केली. तेरा पानं मिळाली, त्यातली चार अर्धवट. मेहुण्याच्यानं काम चोख केलं होतं.

गुरुवारी सकाळी नवरा-बायको दोघं कॉम्प्युटरपुढे बसले. ती हातानं लिहिलेल्या पानांवरून वाचत होती, सावधानराव टाइप करत होते. कारखान्यात चाळीस वर्षं अहवाल लिहिलेला माणूस, बोटं चांगली चालत होती. आता अक्षर दाबताक्षणी उमटत होतं, आणि त्याचाच त्यांना सुरुवातीला त्रास झाला. ते थांबून वाट पाहत, तोवर ती पुढच्या ओळीवर गेलेली असे. साडेबाराला पानं संपली. ती दोन घास करायला आत गेली आणि म्हणाली, “तोवर तुम्ही एकदा नजर घाला. फक्त र्‍हस्व-दीर्घ बघा.”

सावधानरावांनी र्‍हस्व-दीर्घ बघितलं. मग ते ‘वापरण्यापूर्वीच्या सूचना’ या पानावर आले. मूळ पुस्तिकेत सात सूचना होत्या. त्यांनी त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या आणि त्यांचा जीव कासावीस झाला. गवत कापायचं यंत्र, धारदार पातं, आणि फक्त सात! ती जेवण घेऊन येईपर्यंत त्यांनी बारा केल्या होत्या. तिला त्यांनी ते सांगितलं नाही. विसरले, असं ते नंतर म्हणाले. पाच वाजायला वीस मिनिटं असताना पुस्तिका गेली.

चौथ्या दिवशी कंपनीकडून उत्तर आलं. बायको ते वाचत होती आणि वाचता वाचता तिच्या भुवया वर जात होत्या.

“आठ ते बारा क्रमांकाच्या सूचना मूळ मजकुरात नाहीत, असं लिहिलंय. कुणी घातल्या?”

सावधानराव वर्तमानपत्राच्या मागं गेले.

“अहो.”

शांत आवाज होता. वर्तमानपत्र खाली आलं. “त्या हव्याच होत्या,” ते म्हणाले. “काम काढून घेतलं का?”

“नाही. थांबा.” ती पुढे वाचायला लागली. “त्यांच्या इंजिनिअरनं त्या पाहिल्या. नववी सूचना ते ठेवणार आहेत. यंत्र बंद केल्यावरही पातं काही क्षण फिरत राहतं, ते पूर्ण थांबेपर्यंत हात घालू नये. मूळ पुस्तिकेतही ती आता घालणार आहेत म्हणे, सगळ्या भाषांत.” तिनं पडद्यावरून नजर काढली. “पुढच्या वेळी काही घालायचं तर आधी मला विचारा. पण हे बरं झालं.”

सावधानराव उठून उभे राहिले. सदरा नीट केला. खोलीत एक फेरी मारली.

“आणि बाकीच्या चार?”

“त्या काढल्या.”

“कारण दिलंय?”

“नाही दिलेलं.”

“असं कसं?” सावधानराव म्हणाले. “अकरावी वाचली का त्यांनी? ओल्या गवताची? बाजूला सर जरा, मला त्या इंजिनिअरला एक पत्र लिहू दे.”

तिला खरं म्हणजे त्याच वेळी नव्या कामाला लागायचं होतं, पाण्याच्या पंपाची पुस्तिका आली होती. ती दोन मिनिटं उभी राहिली, मग शेजारची खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाली, “लिहा. पण ‘नम्र’ तरी घाला सुरुवातीला.”